तलावाकाठच्या शाळेत मॅनटी कसा शिकवावा

गोंदिया-भंडाऱ्याकडील ज्या गावात मामा तलाव (मालगुजारांच्या काळातला जुना गावतलाव) आहे, तेथील शिक्षकाने मॅनटी या पाण्यात राहून वनस्पती खाणाऱ्या सस्तन प्राण्याचा पाठ समुद्रापासून सुरू करू नये. मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, पण पाण्यात डुंबणारी म्हैस रोज पाहिलेली असते. आवारात चुन्याने मॅनटीच्या लांबीची, ३ मीटरची रेघ ओढावी, त्याचे वजन सुमारे ५०० किलो सांगावे, आणि वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चारा दिवसाला लागला तर किती भारे होतील, याचा हिशेब मुलांनाच करू द्यावा. मॅनटी बहुतेक पाण्याखाली चरतो; श्वासासाठी मात्र त्याला दर काही मिनिटांनी वर यावे लागते आणि तेथे वेगवान बोटी त्याला धडकतात.

हा प्राणी भारतात नाही, हे आधीच स्पष्ट करावे. तो फ्लोरिडा, कॅरिबियन, ॲमेझॉन व पश्चिम आफ्रिकेत राहतो. आपल्याकडे आहे तो त्याचा नातलग डुगाँग, ज्याचे शेपूट मॅनटीसारखे गोल वल्ह्याचे नसून देवमाशासारखे दुभंगलेले असते. त्याच्यासाठी तामिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर केले.

पाठाचा गाभा मात्र चाऱ्यात आहे, म्हणून वेळ येथे द्यावा. दोन मोठ्या पारदर्शक बरण्यांत तलावाचे पाणी आणि पाण्याखाली वाढणारी वनस्पती घालावी, एकीत डीएपी या रासायनिक खताचे दोन-तीन दाणे टाकावेत आणि दोन्ही उन्हात ठेवाव्यात. दोन-तीन आठवड्यांत खताचे पाणी सहसा हिरवे होते. मग तळाशी उजेड किती पोहोचतो, हे मुलांना बरणीमागे कागद धरून पाहू द्यावे. फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर या खारकच्छात हेच घडले. सांडपाणी व खते पाण्यात उतरली, शेवाळ माजले, उजेडाअभावी समुद्री गवत मेले आणि २०२१ मध्ये फ्लोरिडात १,१०० मॅनटी दगावले, त्यांतील अनेक उपासमारीने. मादी दोन ते पाच वर्षांतून एकच पिलू देते, तेव्हा ही तूट किती काळात भरेल, हे गणित फळ्यावर जरूर मांडावे.

शेवटचा तास तलावावर घ्यावा. गावातील वयस्क ढीवर मासेमारास आदराने बोलवावे आणि पूर्वी तळाशी कोणत्या वनस्पती होत्या, त्यांतील कोणत्या आता जाळ्याला लागत नाहीत, हे मुलांनी त्यांना विचारून वहीत उतरवून घ्यावे.