बेळगावचा गडी अथणीच्या उन्हात

बेळगावच्या माणसाला ऊन कळत नाही. आमचं गाव जवळजवळ अडीच हजार फुटांवर, सह्याद्रीच्या अंगाला. मे महिन्यातही संध्याकाळी गार वारा सुटतो, मधेच वळीव पडून जातो. तोच गडी आमच्याच जिल्ह्यातल्या, पण तापणाऱ्या अथणीकडं स्लॅबच्या कामाला नेला की तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो, आणि तिथले गडी शेजारीच निवांत वीट लावत असतात. प्रश्न ताकदीचा नाही, सवयीचा. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि घामातून मीठ कमी जातं.

म्हणून मेस्त्री या नात्यानं मी नव्या गड्याला पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम देतो, पुढं रोज तेवढंच वाढवतो. हजेरी मात्र पुरी. हजेरी कापली की तो लपून राबतो आणि पडतो. जत्रेला आठ-दहा दिवस गावी जाऊन आलेल्यालाही परत दमानंच घ्यायचं.

जड काम सकाळी सहा ते अकरा, मग चारनंतर. दुपारी सळी उचलली तर तळहाताला फोड येतात. पत्र्याच्या शेडमध्ये कुणाला झोपू देऊ नका, झाडाखाली पाठवा. झाड नसेल तर शेडवर उसाचा पाला टाकून पाणी मारा, पण चूल लांब मांडा.

तहानेची वाट न बघता वीस मिनिटांनी एक पेला पाणी. जेवताना मीठ घातलेलं पातळ ताक. घाम फार गेला तर ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हृदयाचा, किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी हे आधी डॉक्टरांना विचारावं.

आता माझी चूक सांगतो. तीन वर्षांमागं दुपारी दीडला (हो, दीडला, काम उरकायची घाई माझीच) एक पोरगा सळी बांधता बांधता थांबला. तार पिळायचा आकडा हातात, आणि मला म्हणतो, "मामा, बस चुकली." अंग तव्यासारखं, पण घामानं निथळत होतं. घाम आटला तरच ऊन लागलं, असं मी धरून चाललो होतो. त्यात पाच मिनिटं गेली. राबणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो. अंग तापलंय आणि बोलणं भरकटलंय, एवढं पुरे.

लगेच 108 ला फोन. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, क्युरिंगचा (काँक्रीटवर पाणी मारायचा) पाइप अंगावर सोडा. आधी पाइपातलं तापलेलं पाणी सांडू द्या, नाहीतर चटका बसतो. एकानं प्लायच्या तुकड्यानं वारा घालायचा. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघेत. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा. भरकटलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनळीत जातं. तापाची गोळी इथं चालत नाही. कांदा हुंगवत बसणाऱ्यांना बादली धरायला लावा. गाडी येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही.

पोरगा वाचला. आता कुठल्याही साइटवर गेलो की पहिल्यांदा मिक्सरवर खडूनं 108 आणि जवळची खूण लिहितो. त्या दिवशी फोनवर पत्ता सांगताना माझीच बोबडी वळली होती.