उडती खार शोधायची तर खाली बघा

हेलसिंकीजवळच्या नूक्सिओच्या जंगलात उडती खार दिसावी म्हणून पहिल्या वर्षी मी मान दुखेपर्यंत वर बघत हिंडले. चूक! ती निशाचर. एप्रिलमध्ये जा आणि जुन्या अ‍ॅस्पेन नाहीतर स्प्रूसच्या बुंध्याशी उकिडवं बसा. हळदभाताची शितं सांडल्यागत पिवळ्या लेंड्या दिसल्या, की बाई जवळपासच, बहुधा सुतारपक्ष्याच्या जुन्या ढोलीत झोपल्यात. बुंधा ठोकून उठवू नका.

कुजकं लाकूड पडलंय तिथेच राहू द्या. फिनलंडमधल्या ४,०००हून जास्त प्रजातींचा त्यावर संसार चालतो. ब्लूबेरी खुशाल तोडा, तो हक्क सगळ्यांना आहे. खडकावरच्या पांढऱ्या दगडफुलावर (आपल्या गोड्या मसाल्यातल्याचं लांबचं भावंड) मात्र पाय नको. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, आणि उन्हाळ्यात सुकलं की पापडासारखं मोडतं.