टेबलं नंतर, आधी 'शेतकरी' म्हणजे कोण ते ठरवा

दूध संकलनाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी मी 'शेतकरी' नावाचं टेबल, म्हणजे माहिती साठवायचा तक्ता, करून मोकळा झालो. तिसऱ्या आठवड्यात ते मोडावं लागलं. डेअरीतल्या कोड ४७ वर सकाळी सून दूध घालते, संध्याकाळी नातू. बिल सासऱ्यांच्या खात्यावर. आणि सभासद रजिस्टरात अजून वारलेल्या आजोबांचं नाव. एका शब्दात तीन गोष्टी दडल्या होत्या: दूध घालणारा, खातेदार, सभासद.

तेव्हापासून पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडत नाही. पहाटे काट्याजवळ उभं राहायचं आणि लोकांची वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवायची. "म्हशीचं वेगळं लाव." "फॅट कमी लागली, परत बघ." मग त्यातली नामं अधोरेखित करायची. 'परत बघ' हे दोन शब्द मला फार महागात पडले असते. फॅट हा मी संकलनाच्या नोंदीतला एक रकाना धरला होता. पण एकाच दुधाची दोनदा तपासणी होते, म्हणजे तपासणी ही स्वतंत्र वस्तू. आणि दोन्हींतली कुठली धरायची, हा नियमही लिहायला हवा.

प्रत्येक नामाला तीन प्रश्न विचारा. एकाला किती? नसलं तर काय? कधीपासून कधीपर्यंत? तिसरा सगळ्यात जास्त रडवतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, पुढे पॉइंटागणिक वाढतो-घटतो. दहा दिवसांच्या बिलाच्या मधेच दरपत्रक बदललं तर? म्हणून दरपत्रकाला लागू तारीख, आणि प्रत्येक नोंद त्या दिवशीच्या दरपत्रकाला जोडलेली.

माप लिहिताना एकक सोडू नका. लिटरभर दूध साधारण १.०३ किलो भरतं. ५०० लिटरला १५ किलोंचा फरक, म्हणजे भांडण.

आता चित्र. संगणकशास्त्रज्ञ पीटर चेन यांनी १९७६ साली अशा वस्तूंसाठी चौकटी आणि त्यांना जोडणारे शंकरपाळ्याच्या आकाराचे संबंध मांडले. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नुसत्या चौकटी आणि रेघा काढतो, पण प्रत्येक रेघेवर क्रियापद लिहितोच. क्रियापद सुचत नसेल तर चौकट चुकली समजा.

हे चित्र मात्र डेअरीच्या सेक्रेटरींना दाखवू नका, ते भिडेखातर मान डोलावतात. वाक्यं करून वाचून दाखवा: "अण्णा, एका खात्यावर दोघं दूध घालू शकतात. बरोबर?" अण्णा हो-हो करत गेले आणि शेवटी म्हणाले, "उचल कुठाय ह्यात?"

उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, मी विसरलोच होतो. विचारलं, ती खात्यावर असते की माणसावर?

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "देताना माणूस बघून देतो, कापताना खात्यातनं कापतो."

कॅलेंडरचं दुसरं पान फाडलं.