कवडशावरून सूर्याचं तापमान कसं काढावं

खगोलभौतिकीच्या पहिल्या सत्रात सूत्रांचा कागद हातात पडतो आणि मुलं तो पाठ करायला बसतात. त्याऐवजी एक उन्हाळी दुपार आणि साधा पुठ्ठा घ्या.

पुठ्ठ्याला २ मिलिमीटरचं छिद्र पाडा आणि त्यातून येणारा कवडसा अंधाऱ्या खोलीत ३ मीटरवर उन्हाशी काटकोनात धरलेल्या पांढऱ्या कागदावर घ्या. छिद्रातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका. कवडसा साधारण ३० मिलिमीटर भरेल. छिद्राची रुंदी त्यात मिसळलेली असते, म्हणून २ वजा करा: उरले २८. ३००० भागिले २८ म्हणजे सुमारे १०७. सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या इतकं पट आहे, त्रिज्येच्या सुमारे २१५ पट.

आता सौर स्थिरांक: वातावरणाबाहेर, सूर्याकडे तोंड केलेल्या दर चौरस मीटरवर १३६१ वॅट. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरळ होतो. म्हणून उलट जाताना १३६१ ला २१५ च्या वर्गाने गुणा. सूर्याच्या पृष्ठभागावरचा दर चौरस मीटर सुमारे ६ कोटी २९ लाख वॅट बाहेर टाकतो!

स्टीफन-बोल्ट्झमन नियम सांगतो की ही ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. तिला स्थिरांकाने, म्हणजे ०.०००००००५६७ ने भागा आणि उत्तराचं लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढा. येतात सुमारे ५७७० केल्विन. मान्य आकडा ५७७२ आहे. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की सूर्य किती किलोमीटर दूर आहे हे कुठेच लागलं नाही. गुणोत्तर पुरलं.

नेहमीची चूक म्हणजे त्रिज्येच्या जागी व्यास घेणं. मग उत्तर ४०८० च्या आसपास येतं. छिद्राची रुंदी वजा करायची राहिली, तर सुमारे २०० केल्विनचा फरक पडतो.

वस्तुमानासाठी मात्र अंतर हवंच: १४.९६ कोटी किलोमीटर. पृथ्वीचा कक्षेतला वेग सेकंदाला २९.८ किलोमीटर. दोन्ही आधी मीटरमध्ये आणा. वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्व स्थिरांक. उत्तर किलोग्रॅममध्ये, २ वर ३० शून्यं.