फोन-कॉम्प्युटर बिघडला? रिसेट मारायच्या आधी एवढं करून बघा

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा मोबाईल गेल्या पावसाळ्यात हँग व्हायला लागला, स्टोरेज फुल्ल स्टोरेज फुल्ल म्हणून सारखा मेसेज यायचा. जवळच्या एका दुकानात दिला, तिथल्या पोरानं बसल्या जागेवर रिसेट मारून दिला आणि फोन नव्यासारखा पळायला लागला. घरी आल्यावर काकूंनी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर सगळं रिकामं. काकांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली. त्यांचा एक व्हॉइस मेसेज होता, "दूध घेतलंय, आणि काय आणू सांग की", एवढाच, आठ सेकंदांचा. काकू तो रोज रात्री ऐकायच्या. बॅकअप नव्हता. मी दोन दिवस खटपट केली पण काही मिळालं नाही, आणि मिळणार पण नव्हतं, कारण आताच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि रिसेट मारला की त्या कुलपाची किल्लीच पुसली जाते.

म्हणून कळकळीनं सांगतोय, रिसेट हा सगळ्यात शेवटचा उपाय. घरात जे रोजचं बिघडतं त्यातलं बरंचसं रिसेट न मारता नीट होतं.

पैला बॅकअप, मग बाकीचं. फोन कितीही हळू चालत असू दे, चालू आहे तोवर डेटा बाहेर काढा. फोटोंसाठी गुगल फोटोज आहे पण फुकटची जागा १५ जीबीच आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह सगळं आलं, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पण आता त्यातच मोजतात. त्यामुळं मी केबलवर जास्त विश्वास ठेवतो. फोन कॉम्प्युटरला जोडा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा, चार्जिंगच्या जागी फाईल ट्रान्सफर निवडा (हे निवडलं नाही तर कॉम्प्युटरला फोन रिकामा दिसतो आणि लोक म्हणतात केबल खराब आहे). मग डीसीआयएम फोल्डर कॉपी करा, त्यात कॅमेऱ्याचे फोटो असतात. व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं अँड्रॉइड फोल्डरात, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप असं आत आत असतं, तो अख्खा फोल्डर उचला. व्हॉइस मेसेज व्हॉइस नोट्स नावाच्या फोल्डरात ओपस फाईल म्हणून असतात, कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजतात. घरात कुणाचा आवाज, कुणाचा शेवटचा फोटो फोनमध्ये असंल तर हे आजच करा, फोन बिघडायची वाट बघू नका.

आता स्टोरेज. काकूंचा फोन भरला होता तो गुड मॉर्निंगच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी, दुसरं काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथं मॅनेज स्टोरेज. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाईल वेगळ्या दाखवतं आणि सारखं सारखं फॉरवर्ड झालेलं पण वेगळं दाखवतं. ते फॉरवर्डचं आधी बघा, एक नजर टाका आणि उडवा, तेवढ्यानंच भरपूर जागा होते. मग एक पान मागं, स्टोरेज अँड डेटामध्ये येऊन मीडिया ऑटो डाउनलोड बंद करा, नाहीतर पंधरा दिवसांनी परत तेच.

इथं एक गोष्ट नीट वाचा कारण यात लय जणांचे फोटो गेलेत. फोटोंचा बॅकअप गुगल फोटोजवर झाला म्हणून त्याच अ‍ॅपमध्ये जाऊन एकेक फोटो डिलीट करत बसलात तर तो फोनमधून पण जातो आणि वरनं बॅकअपमधून पण जातो. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असंल तर त्या अ‍ॅपमध्ये फ्री अप स्पेस असा पर्याय आहे, तोच वापरा. चुकून डिलीट झालंच तर घाबरू नका, ट्रॅशमध्ये बघा, बॅकअप झालेला फोटो तिथं ६० दिवस राहतो. गुगलवर सेव्ह असलेले नंबर डिलीट झाले तर तेही काँटॅक्टच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस असतात.

फोन एकदम अडकला, स्क्रीन हलंना, तर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दोन्ही एकत्र दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, बहुतेक अँड्रॉइड फोन बंद होऊन परत चालू होतात, डेटाला काही होत नाही.

जाहिराती मधेच उसळतात ही तक्रार सगळ्यात जास्त. फोनला व्हायरस लागला म्हणतात पण बहुतेक वेळा टॉर्च, क्लीनर, कीबोर्ड असलं काहीतरी फुकटचं अ‍ॅप असतं. जाहिरात आली की ती बंद करू नका, लगेच रिसेंटचं बटण दाबा, कुठल्या अ‍ॅपचं चिन्ह दिसतंय बघा, तोच चोर. सापडत नसंल तर सेफ मोड. बऱ्याच फोनमध्ये पॉवर ऑफच्या चिन्हावर बोट दाबून धरलं की सेफ मोड विचारतो, त्यात आपण टाकलेली अ‍ॅप बंद असतात. सेफ मोडमध्ये फोन गपगार चालला तर दोष अ‍ॅपचा, फोनचा नाही. नवीन टाकलेली एकेक काढत जा, दर वेळी एकच, म्हणजे कशानं फरक पडला ते कळतं.

पण लग्नाचं आमंत्रण, गाडीचं चलन, बँकेचं केवायसी अशा नावाची एपीके फाईल (म्हणजे थेट अ‍ॅप टाकणारी फाईल) व्हॉट्सअ‍ॅपवरून आली आणि कुणी ती इन्स्टॉल केली, तर मामला वेगळा आहे. त्यात वेळ घालवायचा नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करा आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच कळवा. बँकेचा नंबर पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डामागचा घ्या, गुगलवर शोधलेला कस्टमर केअर नंबर अजिबात नको, तिथं चोरांनीच नंबर टाकून ठेवलेले असतात आणि ते पहिल्यांदा काय सांगतात तर स्क्रीन शेअरचं अ‍ॅप टाका. अशी एपीके टाकली गेली असंल तर मात्र फोटो कॉपी करून घेऊन रिसेट मारणंच बरोबर.

चार्जिंग. जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवा कशी असती माहिताय, कपडे पण वाळत नाहीत. फोन म्हणतो पोर्टमध्ये ओल आहे, चार्ज होणार नाही. फोन बरोबर सांगतोय. केबल काढा, पोर्ट खाली करून तळहातावर हलकं आपटा आणि पंख्याखाली ठेवा, तासभर, दोन तास. तांदळाच्या डब्यात घालू नका, तांदळाचा भुसा आत जातो, अ‍ॅपलनं तर आपल्या आयफोनवाल्यांना स्पष्ट सांगितलंय की असं करू नका. हेअर ड्रायर पण नको. आणि ओल नसताना चार्जिंग होत नसंल, केबल तिरकी धरली तरच होत असंल, तर टॉर्च मारून पोर्टमध्ये बघा. खिशातली कापसाची धूळ तळाशी दाबून घट्ट बसलेली असते, करड्या रंगाची, वाकळंच्या कापसासारखी. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद बाहेर ओढा, सुई टाचणी नको. मी माझ्या आण्णांच्या फोनमधून वाटाण्याएवढा गोळा काढला, नवीन चार्जर आणायला निघाले होते ते.

फोनची पाठ फुगली, कव्हर बसंना, तर मात्र काही करू नका. बॅटरी फुगलीय. चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, बदलायला न्यायचं.

आता कॉम्प्युटर. कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत माझ्या मावसभावाकडं जुना डेस्कटॉप आहे, पोरीचा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि कुठलीही साईट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही असं लाल अक्षरात यायचं. त्यानं वायफायवाल्याला तीनदा बोलावलं, विंडोज नवीन टाकायची तयारी केली. मी गेलो, उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. साईटच्या सर्टिफिकेटला मुदत असते, कॉम्प्युटरची तारीख चुकली की त्याला सगळीच सर्टिफिकेटं खोटी वाटतात. तारीख नीट केली, साईट उघडली. पण दुसऱ्या दिवशी लाईट गेली आणि परत तेच, कारण आतला सेल संपलेला. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ तोच चालवतो. एका मिसळीच्या पैशात येतो. प्लग काढा, बाजूची क्लिप नखानं दाबा, सेल उसळून वर येतो, नवीन बसवताना अधिकची खूण वर.

स्क्रीनवर काहीच येत नाही, नुसता बीप बीप आवाज येतो, तर बहुतेक रॅम, म्हणजे मदरबोर्डवरची मेमरीची पट्टी, हललेली असते. प्लग काढून रॅम काढा, सोनेरी पट्टीवर खोडरबर हलकं फिरवा, चुरा पुसा, टक आवाज येईपर्यंत परत बसवा. आवाज पण नाही, पंखा फिरतोय, तर आधी मॉनिटरची केबल बघा, सीपीयूला दोष नंतर. लॅपटॉप चालूच होत नसंल तर चार्जर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा.

कॉम्प्युटर हळू चालतो तर शट डाऊन नको, रीस्टार्ट मारा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळं शट डाऊन केलं तरी आतलं बरंचसं जसंच्या तसं जपून ठेवतं, रीस्टार्टला मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. मग कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात स्टार्टअपमध्ये नको ती अ‍ॅप बंद करा. तिथंच डिस्क सारखी १०० टक्के दाखवत असंल आणि जुनी फिरती हार्डडिस्क असंल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, जुन्या मशिनीवर पैसे घालायचे तर इथंच घाला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, बँकेचं काम त्यावर करत असाल तर त्याचा पण विचार करा.

वायफाय गेलं की राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा. राउटरवर लॉसची (एलओएस लिहिलेली) लाल लाईट लागली असंल तर घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, फायबर कुठंतरी तुटलीय किंवा दुमडलीय, केबलवाल्यालाच फोन करा.

आमच्या पंचगंगेच्या काठच्या लोकांसाठी एक. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला आलं की इशारा, ४३ ला धोका. ३९ ऐकलं की सीपीयू, इन्व्हर्टर वर चढवा, हार्डडिस्कचा बॅकअप असलेला पेनड्राइव्ह तरी पाहुण्यांकडं द्या. २०१९ ला आणि २०२१ ला भिजलेले सीपीयू लोकांनी उन्हात वाळवून चालू केले आणि होतं ते पण जळालं. भिजलेलं मशिन चालू करून बघू नका.

आणि दुकानात न्यावंच लागलं तर सिम काढून घ्या, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, लिहून ठेवा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड असतो, तो चालू करून दिलात तर दुरुस्तीवाल्याला तुमचे फोटो दिसत नाहीत. फोन देताना तोंडानं सांगा, डेटा पुसायचा नाही, पुसायला लागला तर आधी मला फोन करा. खरंच रिसेटची वेळ आली तर गुगलचा पासवर्ड आधी आठवून कागदावर लिहा, कारण रिसेटनंतर बऱ्याचदा जुनं खातं विचारल्याशिवाय फोन उघडत नाही. आणि कॉपी केलेले दोन-चार फोटो, एखादा व्हॉइस मेसेज कॉम्प्युटरवर उघडून, कानानं ऐकून बघा. मगच ते बटण दाबा.