ऐकू येत नसताना रेल्वेने युरोप फिरायचे असेल तर

युरोपच्या प्रवासाचा सराव भुसावळ जंक्शनवरच करावा, असे मी प्रत्येक कर्णबधिर मित्रमैत्रिणीला सांगते. श्रवणयंत्र पिशवीत ठेवावे, सोबत कोणालाही घेऊ नये आणि एक दिवस जळगावहून सुरतेच्या मार्गाने नंदुरबारला जाऊन परत यावे. गाडी कोणत्या फलाटावर येणार, अमळनेर गेले की यायचे आहे, हे सर्व त्या दिवशी केवळ डोळ्यांनी शोधावे लागते. आपल्याकडे शेजारचा माणूस खांद्याला हात लावून “ताई, गाडी पलीकडे लागली” असे खुणेने सांगतो. युरोपात अनोळखी माणसाला सहसा कोणी हात लावत नाही. म्हणून तिथे मदत आपण होऊन आणि वेळेआधी मागावी लागते.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी सरळ आहे. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या एकत्रित व्हिसावर, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. त्यासाठीचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून ते 15 दिवस आधीपर्यंत करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. श्रवणयंत्र हरवले तर तो विमा भरपाई देतो का, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी यूरेल हा रेल्वेप्रवासाचा पास मिळतो आणि त्याचा ग्लोबल प्रकार 33 देशांत चालतो. मात्र पास हातात आला म्हणजे जागा मिळाली असे नव्हे. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि स्पेनच्या एव्हीई गाड्यांना वेगळे आरक्षण सक्तीचे आहे, तर जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमधील बहुतेक दिवसाच्या गाड्यांत आरक्षणाशिवाय बसता येते. ज्याला तिकीट खिडकीवर उभे राहून बोलणे जड जाते, त्याने पहिल्या प्रवासात दुसऱ्या गटातले देश निवडणे शहाणपणाचे ठरेल.

निघण्यापूर्वी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजीत दोन वाक्ये ठळक लिहून घ्यावीत: “मला ऐकू येत नाही. कृपया लिहून दाखवा.” भाषांतर जाणकाराकडून तपासून घ्यावे. जर्मनमध्ये ‘टाउबश्टुम’ हा जुना शब्द आपल्या ‘मुका-बहिरा’सारखाच बोचरा मानला जातो, तिथले कर्णबधिर स्वतःसाठी ‘गेह्योर्लोस’ हा शब्द वापरतात. मोबाईलवर बोलणे अक्षरांत उमटवणारे ॲप अवश्य असावे, परंतु गजबजलेल्या स्थानकात ते भलतेच काहीतरी लिहिते, तेव्हा कागद आणि पेन हेच खरे. ओठ वाचण्याच्या सवयीवर तर मुळीच विसंबू नये. माझी सवय आईच्या अहिराणीवर घडलेली असल्यामुळे व्हिएन्नातील तिकीट तपासनिसाचे ओठ मला भिंतीइतकेच बोलके वाटले.

स्थानकावर खरी कसोटी लागते ती ऐन वेळच्या बदलाच्या वेळी. जर्मनी आणि इटलीत पिवळ्या कागदावर सुटणाऱ्या गाड्यांचे आणि पांढऱ्या कागदावर येणाऱ्या गाड्यांचे छापील वेळापत्रक लावलेले असते. मी पहिल्या दिवशी पांढऱ्यासमोर उभी राहून माझी गाडी शोधत होते. पिवळ्या कागदावरचा फलाट क्रमांकही केवळ नियोजित असतो. आयत्या वेळी झालेला बदल पडद्यावर, ॲपमध्ये आणि उद्घोषणेत येतो. म्हणून पडदा समोर दिसेल अशा जागी उभे राहावे, त्या देशाच्या रेल्वेच्या ॲपमधील सूचना कंपनावर ठेवाव्यात आणि मोजके शब्द ओळखायला शिकावेत. जर्मन पडद्यावर ‘ग्लाइस’ म्हणजे फलाट, ‘फरश्पेटुंग’ म्हणजे उशीर आणि ‘फेल्ट आउस’ म्हणजे गाडी रद्द. इटलीत फलाटाला ‘बिनारिओ’ आणि उशिराला ‘रितार्दो’ म्हणतात. हे शब्द रोमन लिपीत कार्डाच्या मागे लिहून ठेवावेत, कारण आपल्याला ते ऐकायचे नसून अक्षरांवरून ओळखायचे असतात. पडद्याबरोबर माणसांवरही नजर असू द्यावी. फलाटावरचे पन्नास लोक एकाएकी बॅगा उचलून जिन्याकडे निघाले, तर काहीतरी पुकारले गेले आहे हे निश्चित. ही विद्या भुसावळची आहे आणि म्युनिकलाही तितकीच चालते.

गाडीत बसल्यावरही निर्धास्त होऊ नये. चाळीसगावला धुळ्याचे डबे वेगळे होत असत, हे आमच्याकडच्या जुन्या प्रवाशांना आठवत असेल. जर्मनीत तोच प्रकार आजही पूर्ण गाडीच्या बाबतीत घडतो. बर्लिनहून पश्चिमेकडे येणाऱ्या काही वेगवान गाड्या हाम येथे दुभंगतात आणि त्यांचा एक भाग वुपर्टालमार्गे कोलोनला, तर दुसरा एसेनमार्गे डुसेलडॉर्फला जातो. डब्याबाहेरच्या छोट्या पडद्यावर त्या भागाचे गंतव्य लिहिलेले होते, पण जागा रिकामी दिसल्याच्या आनंदात मी तो न वाचताच आत शिरले. शेजारी दोन-तीन जण सामान घेऊन पुढच्या भागाकडे धावले, तेव्हा मी सँडविच खात होते. कोलोनऐवजी डुसेलडॉर्फ दिसले तेव्हा उलगडा झाला. तिथून कोलोन जवळ असल्यामुळे तासाभरात चूक निस्तरली, पण तेव्हापासून मी आधी डब्याचा क्रमांक आणि गंतव्य वाचते, त्याचे छायाचित्र काढते आणि मगच पायरी चढते.

रात्रीच्या गाडीची भीती सर्वांनाच वाटते, आणि ती अनाठायी नाही. डब्याचे दार आतून बंद होते, परिचारक सकाळी दारावर टकटक करून उठवतो आणि आपण झोपून राहतो. मी व्हिएन्ना ते झुरिक जाताना चढल्याबरोबर परिचारकाला कार्ड दाखवले, शायिकेचा क्रमांक आणि उतरण्याचे स्थानक लिहून दिले, आणि पायाला हात लावून उठवावे असे चित्र काढून समजावले. तो हसला, पण सकाळी त्याने नेमके तेच केले. तरीही मनगटावर कंपनाचा गजर हवाच, कारण माणूस विसरतो. ऑस्ट्रियाच्या रात्रगाड्यांत स्त्रियांसाठी वेगळा कक्षही मागता येतो. यूरेल पासवर अशा प्रवासात सुटण्याचा एकच दिवस मोजला जातो, ही आणखी एक सोय.

श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. त्या तिथे संपल्या, तरी 312 क्रमांकाला तपकिरी आणि 13 ला नारिंगी हा रंगसंकेत सगळीकडे सारखाच असल्यामुळे दुकानात रिकामे पाकीट दाखवले की काम होते.

तिथल्या कर्णबधिरांशी भेट झाली, तर आपली सांकेतिक भाषा जशीच्या तशी चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. आपण दोन्ही हातांनी बोटांवर अक्षरे काढतो, फ्रेंच मंडळी एकाच हाताने. तरीही अर्ध्या तासात गप्पा रंगतात, आणि ऐकू येणाऱ्यांशी दिवसभरात झाले नसेल इतके बोलणे तिथे होते.

मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच आगीचा भोंगा आपल्याला ऐकू येणार नाही, हे स्वागतकक्षात लिहून द्यावे आणि खोलीचा क्रमांक नोंदवून घ्यावा. युरोपीय संघात आणीबाणीचा क्रमांक 112 आहे. फ्रान्समध्ये कर्णबधिरांसाठी संदेशावर चालणारी 114 ही वेगळी सेवा आहे. घरच्यांना रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करावा. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतो, त्यामुळे जळगावची रात्री नऊची वेळ ठरवली, तर उन्हाळ्यात तिथे संध्याकाळचे साडेपाचच झालेले असतात आणि आईच्या ओठांवरची अहिराणी वाचायला पुरेसा उजेड असतो.