अभ्यास मोबाइलवर असताना इंटरनेटला आवर कसा घालावा

बारावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला 'मोबाइल बाजूला ठेव' असे सांगणे सोपे असले, तरी त्याची लेक्चर्स, नोट्सच्या पीडीएफ आणि क्लासचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याच मोबाइलमध्ये असल्यामुळे तो सल्ला चार दिवसही टिकत नाही. म्हणून मोबाइल सोडण्यापेक्षा अभ्यासाच्या वेळी त्यातले इंटरनेट बंद ठेवणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

त्यासाठी दुसऱ्या दिवशीची लेक्चर्स आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवावीत आणि ती पाहताना डेटा व वायफाय दोन्ही बंद करावेत. मध्येच शंका आली, तर ती लगेच न शोधता वहीच्या मागच्या पानावर लिहावी आणि अशा सगळ्या शंका संध्याकाळी एकत्र पाहाव्यात. कारण एखादे सूत्र शोधण्यासाठी सुरू केलेला डेटा नोटिफिकेशनही घेऊन येतो आणि त्यातून रील्सपर्यंत पोहोचायला क्षणभर पुरतो. यूट्यूबचा ऑटोप्लेही बंद करावा.

आपला वेळ नेमका कुठे जातो, हे अँड्रॉइडच्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये किंवा आयफोनच्या 'स्क्रीन टाइम'मध्ये दिसते. तेथे एकूण तासांपेक्षा फोन किती वेळा हातात घेतला, हा आकडा पाहावा, कारण एकाग्रता मोडते ती त्या प्रत्येक वेळी.

रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या बहुतेक रिचार्जमध्ये उरलेला डेटा मध्यरात्री बाद होतो, म्हणून तो 'संपवण्यासाठी' अनेक मुले बारापर्यंत जागतात. डेटा वाया गेला तरी चालेल, झोप जाऊ नये. गजरासाठी साधे घड्याळ घ्यावे आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा.

एकट्याने नियम पाळणे जड जाते, हेही लक्षात घ्यावे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. होस्टेलमधील रूम पार्टनरांनी किंवा घरातील सर्वांनी अशी एक वेळ ठरवावी, मात्र आई-वडिलांनीही त्या वेळात स्वतःचे फोन खाली ठेवायला हवेत.

एवढे करूनही झोप, जेवण किंवा कॉलेजची हजेरी बिघडत असेल, तर त्याला आळस म्हणून हिणवू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीतून विनामूल्य बोलता येते.